चिखल्याचा मुखवटा

९ जानेवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं, पिल्लूचा फोटोही मिळाला. आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय, म्हणजे सकाळी केस विंचरताना आम्ही दोघी दिसतो. फ्रॉक सुरेख झालाय. गळ्याभोवती एवढी बारीक झालर मी तिला कधीच घातली नसती. शिवता येत नाही, आणि दुकानात दिसली असती तर म्हटलं असतं, कशाला, चार दिवसांत आखूड होईल. पण फोटोच्या मागे तुम्ही लिहिलंय, ‘आमचं बटण’. बटण कधीपासून हो? मी निघाले तेव्हा तर ती पिल्लू होती.

फोन का करत नाही म्हणून विचारलंत. घसा पार बसलाय. डॉक्टर म्हणाले, कामापुरता आवाज वापरा, बाकी वेळ तोंड बंद. परवा तुमच्या भावाचा बोटीवरून फोन आला, तर मी नुसतं हूं, हूं करत होते. म्हणाला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं बोलणं पूर्ण झालं.

आता खरी बातमी. ज्या कार्टूनच्या डबिंगसाठी पिल्लूला तुमच्याकडे ठेवून मी इतक्या लांब आले, ते येत्या रविवारी सकाळी सुरू होतंय. तीन भावंडं आणि त्यांची आगाऊ शेळी गावोगाव हिंडतात. जिथे जातील तिथे एखादा राक्षस निघतो, सगळे पळापळ करतात, आणि शेवटी मुखवटा ओढला की आतून साधा माणूस बाहेर पडतो. मी लहान असताना हेच लागायचं. भाषा कळायची नाही, चित्रांवरून गोष्ट लावायचो. पहिला भाग चिखल्याचा आहे. दलदलीतून उठतो, अंगभर चिखल ओघळतोय, डोळे कंदिलासारखे.

त्यात मी कोण आहे ते सांगत नाही. पिल्लूलाही काही बोलू नका. तिचं तिला ओळखू दे. ओळखेलच. पोटात होती तेव्हापासून माझंच तर ऐकतेय.

शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत तिला इकडे आणायचं ठरलंय, ते लक्षात आहे ना? कोपऱ्यावरच्या शाळेत मी चौकशी करून आले. वर्गांच्या खिडक्यांना हिरवे पडदे आहेत. कोणीतरी घाईत शिवलेत, तुम्हाला आवडणार नाहीत.

तुमची भावजय

*

१९ जानेवारी

धाकटे,

बटण अशासाठी, की ती शाळेतून आली की माझ्या बटणांच्या डब्यात हात घालून बसते. आधी रंगाप्रमाणे लावते, मग आकाराप्रमाणे, मग सगळी पुन्हा एकत्र ओतते. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, तुमचं बटण कुठंय? तेच पडलं. तुझं नाव कुणी पळवलेलं नाही. पिल्लू म्हटलं तरी ओ देते.

कार्टून पाहिलं. म्हणजे निम्मं. तुझा तो चिखल्या दलदलीतून वर आला आणि अशी डरकाळी फोडली, की मशीनवर पडदा होता त्याची शिलाई वाकडी गेली. पोरगी किंचाळत माझ्या मांडीवर. अशी बिलगली, की माझ्या गळ्यातला टेप तिच्या हाताभोवती गुंडाळला गेला आणि सोडवेना. टीव्ही बंद केला. त्या दिवसापासून माझ्याच अंथरुणात झोपते, माझा पदर मुठीत धरून.

तुझा आवाज कुठला ते कळलं नाही. शेळीचा का? शेळी फार छान वठलीये.

बोलणार नव्हते, पण बोलते. जी पोर घरातल्या टीव्हीतल्या चिखलाला घाबरते, तिला तू अनोळखी शहरात नेणार. अनोळखी शाळा, भाड्याची एक खोली, आणि तू स्वतः दिवसभर स्टुडिओत. इथे तिचं सगळं बसलंय. जेवण बसलंय, झोप बसलीये, शेजारच्या मुलीशी भांडण आणि बट्टीसुद्धा बसलीये. बसलेलं कापड उसवू नये. आणखी एक वर्ष राहू दे. माझी अडचण नाही.

तुझी नणंद

*

२७ जानेवारी

प्रिय ताई,

शेळी नाही. चिखल्या.

तुमचं पत्र वाचून मी हसले आणि मग मला हसता येईना. हिशोब बघा कसा झालाय. मी इथे काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून घसा फाडायचा. त्या आवाजाला घाबरून माझ्या मुलीने तुमच्या मांडीवर उडी मारायची. आणि घसा फाटला म्हणून तिला फोनवर ‘भिऊ नको’ म्हणायची मला बंदी. एवढ्या कष्टाने स्वतःच्या मुलीला दुसऱ्याच्या कुशीत कोणी ढकललं नसेल.

तुमचा पदर मुठीत धरून झोपते हे तुम्ही लिहिलं नसतंत तरी चाललं असतं. माझा पदर ती कधी धरत नसे. माझं कोपर धरायची. कोपराची ती सुरकुतलेली कातडी चिमटीत धरून झोपायची, आणि मी ओरडायचे, दुखतं गं. आता मी झोपताना स्वतःच धरून बघते. दुखत नाही.

ताई, एक विनंती. भाग शेवटपर्यंत दाखवा. तोच भाग ते अधूनमधून संध्याकाळी पुन्हा लावतात. तिला मांडीवर घ्या हवं तर, पण बंद करू नका. शेवटी मुखवटा निघतो, आतलं माणूस दोन वाक्यं बोलतं, आणि ती दोन वाक्यं मी माझ्या साध्या आवाजात म्हटली आहेत. ‘चल, दात घास’ म्हणते ना, त्याच आवाजात. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, जरा खलनायकी हवं. मी म्हटलं, नको, हेच राहू दे. कुणासाठी ते त्यांना सांगितलं नाही. मुखवट्याखालून कोण निघतं ते तुम्हालाही सांगत नाही, नाहीतर तुमची मजा जाईल.

तिला मात्र अजूनही सांगू नका की चिखल्या म्हणजे आई. हट्ट म्हणा माझा. तिने ओळखलेलं मला हवंय, तिला सांगितलेलं नको.

एक गंमत. प्रत्येक भागातला राक्षस मीच करते, आणि डरकाळी झाली की मला घसा खाकरायची सवय लागलीये. रेकॉर्डिस्ट वैतागतो, पुन्हा घ्यावं लागतं. चिखल्याच्या भागात एक खाकरणं तसंच राहून गेलं. चिखलाच्या बुडबुड्यांत मिसळलंय, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक वर्ष वगैरे नाही हं ताई. ठरलं ते ठरलं.

तुमची भावजय

*

८ फेब्रुवारी

धाकटे,

तू म्हणतेस म्हणून पुन्हा लावला. एकदा नाही, जेव्हा जेव्हा लागला तेव्हा. पण शेवटापर्यंत जाणं काही नशिबात नाही. एकदा वीज गेली. एकदा कोटवाल्या बाई माप द्यायला आल्या, आणि त्या आल्या की दिवस मावळल्याशिवाय उठत नाहीत. बाकीच्या वेळी चिखल्या त्या भावंडांच्या मागे लागतो तिथेच ही माझ्या मांडीवर चढते आणि माझे दोन्ही हात धरून ठेवते. मग मी बंद करते. पोरीला छळून तुझी हौस पुरवायची का? शेवट काय आहे ते आम्हा दोघींनाही अजून माहीत नाही.

तिचा समोरचा दात पडला. सफरचंद खाताना. रडली नाही. हातात घेऊन मला विचारलं, आत्या, हा कुठल्या रंगाच्या खणात टाकू? मी म्हटलं, मोत्यांच्या. टाकला. आता तो माझ्या डब्यात आहे. तुला पाहिजे असेल तर पाठवते, पण ती म्हणाली आहे की तिथेच राहू दे.

तुझ्या हट्टाबद्दल म्हणशील तर, मला तो पटत नाही. पोरीची परीक्षा कसली घेतेस? चिखल फासून, घोगरा आवाज काढून उभं राहायचं आणि म्हणायचं ओळख मला. आणि शेवटी ती खानावळवाली पकडली जाते तेव्हा ‘हात सोडा माझा’ म्हणते, तेवढ्यावरून सहा वर्षांच्या पोरीने काय ओळखावं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे रोज तिच्या पायात मोजे मी घालते.

परवा शाळेत चित्र काढायला सांगितलं, ‘माझं घर’. तिने मशीन काढलं, डबा काढला, मला काढलं. तुला दाखवण्यासारखं आहे, पण शाळेच्या भिंतीवर लावलंय.

तुझी नणंद

*

१५ फेब्रुवारी

ताई,

त्या कार्टूनमधली मोठी बहीण काय करते माहीत आहे? सगळे राक्षसामागे धावत असतात आणि ती एका जागी बसून प्रत्येकजण काय बोलला ते आठवते. कारण दर भागात कोणीतरी असं काही बोलून जातं, जे त्याला ठाऊक असायला नको होतं.

मुखवट्याखाली खानावळवाली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी नाही. ती ‘हात सोडा माझा’ म्हणते हेही मी लिहिलं नव्हतं. शेवट तुम्हा दोघींना माहीत नाही म्हणालात, आणि त्याच पत्रात, त्याच पानावर, तो सांगून टाकलात. चोराच्या मनात चांदणं.

तुम्ही तो पाहिलाय. एकटीने. माझा आवाज ऐकलाय. आणि त्यानंतरही तो यायच्या आत टीव्ही बंद करत राहिलात.

वीज गेली म्हणे. कोटवाल्या बाई म्हणे. मी वाचता वाचता त्या बाईंना शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्यांना उचक्या लागल्या असतील.

मी चिडले आहे, पण त्याहून वाईट म्हणजे मला तुमचा हेवा वाटतो. किती दिवस वाटतोय. झालरीचा वाटला, पदराचा वाटला, दाताचा तर असा वाटला की मी पत्र उशीखाली ठेवून आरशासमोर जाऊन माझे दात बघून आले. पण मला वाटायचं, ताई करतायत तिच्यासाठी, आपण कशाला जळायचं. आता कळलं की तुमच्याकडे सगळं असून तुम्हाला माझी दोन वाक्यंही नको होती.

तिची भीती तुम्ही सांभाळून ठेवलीत. भीती गेली तर मांडीवरून उतरेल म्हणून. आणि तीच भीती पुढे करून मला म्हणालात, आणखी एक वर्ष राहू दे.

पुढच्या महिन्यात मी येते. तिला घेऊन जायला. शाळेचं वर्ष संपायची वाट बघणार नाही.

चित्रात मी नव्हते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण मला वाचता येतं.

— भावजय

*

२७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. रागावलात तरी चालेल, पण ती बरी आहे एवढं तरी कळवा. गल्लीत पोस्टमन दिसला की मी काम टाकून खिडकीशी जाते. काल स्टुडिओत डरकाळीच निघेना. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, आज तुझा राक्षस रडतोय का?

एका ओळीचं लिहा.

— भावजय

*

२ मार्च

धाकटे,

ती बरी आहे. मी नव्हते.

तुझं पत्र आलं ते मी कात्रीखाली दाबून ठेवलं आणि कामाला लागले. सबंध दिवस एकाच शर्टाची काजं करत बसले. संध्याकाळी बघते तर काजं डाव्या बाजूला हवी तिथे उजवीकडे. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

हो, पाहिला मी शेवट. ती शाळेत होती, दुपारी तोच भाग लागला होता, मी जेवत होते. त्या भावंडांनी मुखवटा ओढला, खानावळवाली निघाली, आणि म्हणाली, ‘हात सोडा माझा. मला फक्त माझं घर राखायचं होतं.’ धाकटे, तू एकदम खोलीत आलीस. मशीनवर तू, डब्यात तू, तिच्या वाळत घातलेल्या मोज्यांवर तू. मी ताट बाजूला सारलं. वाटलं, आता पोरगी हे ऐकेल आणि चप्पल घालून दारात उभी राहील. दिवसभर मी राबायचं, आणि तू कुठून तरी लांबून दोन वाक्यं बोलायची की सगळं तुझं. मला मूल नाही म्हणून मी कधी रडलेली तू पाहिली नसशील. रडायचं काय त्यात. पण कुणीतरी आपला पदर धरून झोपतं तेव्हा काय होतं, ते तुला नाही कळायचं. तुला ते आयतं मिळालं, आणि तू म्हणायचीस, दुखतं गं.

असो. काल तोच भाग पुन्हा लागला. मी तिला हाक मारली. म्हटलं, बटण, आज बंद करायचं नाही. ती नेहमीसारखी मांडीवर येऊन बसली, माझे दोन्ही हात धरले. चिखल्या उठला. डरकाळी झाली. मी तिचे डोळे झाकायला गेले तर तिने माझा हात खाली केला.

म्हणाली, “थांब ना. आता ती खाकरणार.”

आणि चिखल्या खाकरला.

मी म्हटलं, “ती कोण?”

“आई. मला ओरडून झालं की करते ना, तसं.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“दुसऱ्यांदा लागलं तेव्हापासून. पहिल्यांदा मी घाबरले होते, तेव्हा नीट ऐकू नाही आलं.”

“मग दर वेळी माझ्या मांडीवर येऊन का बसतेस?”

माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी अगदीच खुळी. “तू घाबरतेस म्हणून. रिमोट धरलास की तुझे हात असे असे हलतात. मी धरले की थांबतात.”

धाकटे, मी मापं घेणारी बाई. माणूस दारातून आत आलं की छाती-कंबर नजरेने सांगते. आणि एवढंसं पोर माझं माप घेऊन बसलं होतं, मला पत्ता नाही.

मी विचारलं, “मग मला सांगितलं का नाहीस?”

तर म्हणाली, “तू बरोबर वेळेला बंद करायचीस. मग ते तिला पकडू शकायचे नाहीत. आई पळून जायची.”

तेवढ्यात पडद्यावर त्यांनी पकडलंच. मुखवटा निघाला. तू बोललीस. मला वाटलं होतं ही टाळ्या वाजवेल, आई आई करेल. ती रडायला लागली. दात पडताना न रडलेली पोर. मला म्हणते, “आत्या, आता पकडलं. आता तिला घरी सोडतील ना?”

मी म्हटलं, सोडतील. तिने विचारलं, कोण? बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण तिला सोडणारी एक मी आहे, एवढं कळलं. म्हणून हे पत्र.

ये. महिनाअखेर वगैरे नको, सुट्टी मिळेल तेव्हा ये. तिचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवलेत. झालरीच्या फ्रॉकला आत चांगली चार बोटं दुमड ठेवली आहे, दिसत नाही. उंची वाढली की उसव आणि खाली सोड. टाके कच्चेच घातलेत, तेवढं तुलाही जमेल. म्हणजे आखूड होणार नाही.

त्या चित्रात तू होतीस. मी तुला लिहिलं नाही. मशीन, डबा, मी, आणि वर कोपऱ्यात मातकट रंगाचा एक ढीग, त्याला दोन पिवळे डोळे. बाईंनी विचारलं, हे काय? तर म्हणाली, ते घरातलंच आहे. मला तेव्हा वाटलं, पोरीने भीती काढली.

बटणांचा डबा मात्र इथेच राहील. दातासकट. तिला इकडे यायला काहीतरी कारण पाहिजे.

तुझी नणंद

*

९ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र स्टुडिओत वाचलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने खुणेने विचारलं, काय झालं? मी फक्त खाकरले. तो म्हणाला, हे आता ठेवू का? मी म्हटलं, ठेव.

सुट्टी मिळाली. दिग्दर्शकबाईंनी पुढचा राक्षस आठवडाभर पुढे ढकलला. शनिवारी सकाळी पोहोचते. घसा अजून बरा नाही, तेव्हा बोलायचं काम तुमचं. मी हूं, हूं करेन.

तिथून येताना तुम्हीही आमच्याबरोबर या. शाळेचे ते हिरवे पडदे एकदा बघून घ्या, मला खात्री आहे तुम्हाला राहवणार नाही. खोलीत पलंग एकच आहे, पण तिचे हात दोन आहेत. एकात तुमचा पदर, एकात माझं कोपर. बघू जमतं का. नाही जमलं तर भांडू.

आणि ताई, एक मागणं आहे. मी येईन तेव्हा दार तिला उघडू दे, आणि तेवढा वेळ तुम्ही आतल्या खोलीत थांबाल का? मला माहीत आहे ती मला बघून काय करेल. तरीही, ती मागे वळून तुमच्याकडे बघते का, ते मला पहिल्याच मिनिटाला कळायला नको आहे.

तुमची,
चिखल्या